किनवटला जाऊन गोंड होण्याचा खटाटोप

लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, त्या उन्हाळ्यात आम्ही बापलेक किनवटला निघालो. गोंड कसं असावं, ते शिकायला. गोंड आम्ही आहोतच. तसा दाखलाही आहे. पण लेक रेणूला विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात राखीव जागा हवी, तर तो दाखला खरा असल्याचा दाखला लागतो. त्यासाठी पडताळणी समिती रीतिरिवाज विचारते. नाच येतो का, असंही विचारते म्हणे. म्हणून आठवडाभर मी मोबाइलवर गोंडांच्या दंडारी नाचाचा व्हिडिओ लावून पोरीला हॉलमध्ये नाचवत होतो, सोफा सरकवून.

जाणार असाल तर सकाळची एसटी पकडा. अहमदपूरच्या स्टँडवर भजी बरी मिळतात; पाणी मात्र घरूनच न्या, बाटली भज्यांपेक्षा महाग पडते. नांदेडला गाडी बदलली. भोकरच्या पुढं डोंगर, पानं झडलेला साग, आणि किनवटच्या तोंडाशी फलक: ‘नियोजित जिल्हा किनवट’. शेजारच्या सीटवरचे काका म्हणाले, "मी शाळेत होतो तवापासून होऊनच राहिलाय."

पुढं जीपनं चुलतभावाच्या वस्तीवर. निदान इथं तरी सगळं अस्सल असेल, ही माझी आशा. छपरावर डिश अँटेना, अंगणात रिकामे हंडे. तरी वहिनीनं तांब्या भरून दिला आणि रेणूला विचारलं, "किती देवांची गं तू?"

"सहा," रेणू पटकन म्हणाली. हे मी घोटून घेतलं नव्हतं. आमच्यात घराणी देवांच्या संख्येवरून ओळखतात; सहा देवांची घरं म्हणजे आपली भावकी, तिथं सोयरीक होत नाही, हे तिला लहानपणापासून ठाऊक.

मग मी हौसेनं तिला नाचायला लावलं. वहिनीनं पदर तोंडाला लावला.

"भावजी, दंडारी बाप्ये नाचतेत. ते बी दिवाळीत. पोरीला मोरपिसं लावून बाप्या करता का काय?"

परतीच्या एसटीत रेणू माझ्या शेजारची जागा सोडून पुढं जाऊन बसली.

समितीसमोर साहेबांनी तिची जीन्स पाहिली, मग नाचाचं विचारलंच. रेणू म्हणाली, "आमच्यात तो पुरुष नाचतात, दिवाळीला. आता उन्हाळा आहे."

"मग तू गोंड कशावरून?"

"सहा देवांच्या घरात माझं लग्न होत नाही, त्यावरून."

साहेबांच्या प्रश्नांच्या यादीत देवांची संख्या नव्हती. निकाल कळवू, म्हणाले.

तो अजून कळलेला नाही. किनवटचा जिल्हाही झालेला नाही. पण झालाच, तर त्याला कुणी आधी नाचून दाखव म्हणणार नाही. रेणूनं हॉस्टेलची बॅग मात्र भरून ठेवलीय. वहिनीनं निघताना दिलेली मोहाची फुलं तळाशी ठेवली, मग माझा मोबाइल मागून घेतला आणि तो व्हिडिओ पुसून टाकला.