उंदरांच्या खोलीतला गणपती

रोह्याच्या आमच्या प्रयोगशाळेत त्या वर्षी गणपती उंदरांच्या खोलीत बसला, कारण दुसरीकडे जागाच नव्हती. मूर्ती पेणजवळच्या जोह्यातल्या आमच्या घरच्या गणपतींच्या कारखान्यातली, मीच आणलेली. “वाहनाच्या घरी स्वार पाहुणा!” म्हणून सगळे हसले.

त्याच पाच दिवसांत माझे उंदीर त्याच खोलीतल्या गढूळ पाण्याच्या हौदात पोहायला शिकत होते. पाण्याखाली एक ओटा असतो, तो दिसत नाही. आजूबाजूच्या खुणांवरून त्याची जागा लक्षात ठेवायची. मेंदूतल्या पेशींवरचे, संदेश टिपणारे काही रिसेप्टर जागे झाले की पेशींमधले दुवे घट्ट होतात आणि जागा मनात बसते. निम्म्या उंदरांना मी हे रिसेप्टर अडवणारं औषध द्यायचे, बाकीच्यांना नुसतं सलाइन. सलाइनवाले सरळ ओट्यावर जायचे. औषधवाले भटकायचे.

विसर्जन झालं आणि दुसऱ्या दिवशी सगळेच भटकले.

“सगळ्यांनाच औषध टोचलंस,” सर म्हणाले. “हे मूर्ती रंगवण्याइतकं सोपं नाही. काम दुसऱ्या कुणाला तरी देतो.”

माझं डोकंच फिरलं. तेवढ्यात गणपतीचा रिकामा कोपरा दिसला. पांढऱ्या भिंतींच्या त्या खोलीत उंदरांना धरायला तीच एक खूण होती, आणि ती आम्ही वाजतगाजत बुडवून आलो होतो.

“एक दिवस थांबा,” मी म्हणाले. विनंती नव्हती ती.

मी तडक जोह्याला घरी गेले. हंगाम संपला की उरलेल्या मूर्ती आमच्याकडे कापडाखाली झाकतात, त्या पुढच्या वर्षीच उघडायच्या. त्याच साच्यातली, त्याच रंगाची एक होती. आई आडवी आली.

“आता काढायचा नाय गो त्याला.”

“पूजेला नाय नेत, आई. उंदरांना वाट दाखवायचीय. नायतर माझं काम जातंय.”

आईने माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःच कापड ओढलं. “मग घेऊन जा. बसून तरी काय करतोय!”

पेणमार्गे एसटीने, मांडीवर घेऊन आणला. कोपऱ्यात ठेवला, सरांना समोर उभं केलं आणि उंदीर सोडले. सलाइनवाले सरळ ओट्यावर. औषधवाले अजूनही भटकतच होते.

“बरं, काम तुझ्याकडेच,” सर म्हणाले. “पण अहवालात गणपतीचं लिहू नकोस. लोक हसतील.”

“हसू देत. खूण आपण उचलून न्यायची आणि विसरला म्हणून उंदराला बोल लावायचा, हे मी लिहिणारच.”

लिहिलं. आणि तो गणपती कोपऱ्यातून मी अजून कुणाला हलवू दिलेला नाही.