गोड्या पाण्याच्या उंबरठ्यावर

डॉ. रशीदा धनसे यांची आणि माझी पहिली भेट रेवसहून भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या लाँचमध्ये झाली. आमच्या कॉलेजात मी मराठी शिकवायला नुकताच लागलो होतो. त्या प्राणिशास्त्राच्या प्रमुख. मांडीवर डबा, झाकणाला भोकं. "जरा धरता का? हलवू नका," एवढीच ओळख. आत ओल्या चिखलावर एक निवटी, खाडीच्या चिखलात राहणारी छोटी मासळी, डोळे वर काढून बसली होती. पाणी का नाही, असं मी विचारलं. "डबा भरला तर बुडेल ती," मॅडम म्हणाल्या. "ओहोटीला चिखलावर राहायचं, म्हणून ओल्या कातडीतून हवा घेते." मासाही बुडू शकतो, हे ऐकून मी धक्का येईपर्यंत त्या डब्यातच पाहत राहिलो.

खाडीतल्या जिवांना मेमध्ये तापलेलं खारट पाणी सोसावं लागतं आणि श्रावणात डोंगरावरून आलेलं गोडं. हे त्यांची शरीरं कशी निभावतात, हाच मॅडमच्या आयुष्यभराच्या अभ्यासाचा विषय. प्रयोग संपला की प्राणी जिथून आणला त्याच खाडीत सोडायचा, हा त्यांचा नियम. एकदा त्यांनी एका विद्यार्थ्याला खेकडा परत सोडायला एस.टी.ने पाठवलं. कंडक्टरने पिशवीत डोकावून विचारलं, "याचं हाफ काढू का?" मॅडमना हे कळल्यावर त्या म्हणाल्या, "फुल काढायचं होतं. मोठा आहे तो."

पण मॅडम मला खऱ्या अर्थाने कळल्या त्या सुगंधाबाईंच्या तळ्यावर. सुगंधाबाई खाडीकाठच्या गावातल्या. उधाणात बांध फुटून त्यांच्या शेतात खारं पाणी शिरलं, तेव्हापासून भात धरत नव्हता. उरलं होतं घरामागचं गोड्या पाण्याचं तळं. त्यात खाडीतल्या जिताडा माशाची पिल्लं वाढवायची, असं त्यांनी ठरवलं. दिरांनी स्पष्ट सांगितलं होतं, यंदा पिल्लं जगली नाहीत तर जमीन विकायची. आणि सोडलेली पहिली पिल्लं दुसऱ्या दिवशी पोट वर करून तरंगली.

त्यांनी मॅडमना बोलावलं, तेव्हा बरोबर मीही गेलो होतो. पिल्लं खाडीतून आणल्यावर काय केलंत, असं मॅडमनी विचारलं. सुगंधाबाईंनी चिखल जावा म्हणून ती विहिरीच्या पाण्याने धुतली होती आणि लगेच तळ्यात सोडली होती.

"पावना घरान आला तं पाय धुवाला पानी नको का?" त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या.

"पाहुणचार चुकला नाही, सुगंधाबाई. घाई झाली," मॅडम म्हणाल्या. "खाऱ्या पाण्यात हा मासा पाणी पितो आणि कल्ल्यांतून मीठ बाहेर टाकतो. गोड्यात पिणं थांबवायचं आणि त्याच कल्ल्यांनी मीठ आत घ्यायचं. सगळं काम उलटं. त्याला आतून बदलायला वेळ द्या."

मग खाडीतून नवी पिल्लं आली. खाडीच्याच पाण्याने भरलेल्या टोपात ती ठेवली आणि मॅडम शेजारी पाटावर बसल्या. तांब्याभर तळ्याचं पाणी घालायचं, थांबायचं, पिल्लांकडे पाहायचं, पुन्हा तांब्याभर. दीर येऊन म्हणाले, "मॅडम, माशांना कॉलेजान घातलाव का?" "हो," मॅडम म्हणाल्या, "संध्याकाळी निकाल." दुपार सरली. टोपातल्या पाण्यावर ढग सरकत होते, त्यांच्याखाली ती चांदीची बोटं हलत होती. खारं कुठे संपलं आणि गोडं कुठे सुरू झालं, हे कुणाला सांगता आलं नसतं. उन्हं कलल्यावर मॅडमनी टोप तळ्यात हलकेच कलता केला. पिल्लं क्षणभर काठाशी थबकली, मग हिरव्या पाण्यात दिसेनाशी झाली.

सकाळी सुगंधाबाईंचा फोन आला. "वर काय पन नाय," त्या म्हणाल्या. "नुसता पानी हाय."

त्यातले जिताडे आता हातभर झाले आहेत. पहिल्याची तुकडी दिरांच्याच ताटात पडली. त्यांनी ती निवांत खाल्ली आणि जमिनीचा विषय काही काढला नाही.

मॅडम पंच्याहत्तर वर्षांच्या झाल्या. त्यांना निरामय दीर्घायुष्य लाभो, आणि पाटावर दिवसभर बसण्याइतके गुडघे साथ देवोत. सुगंधाबाईंच्या जावेनेही यंदा तळं खणलं आहे.