तिखटाची गौर आणि तहानलेलं मशीन

लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून सणाच्या दिवशी माझी जागा ठरलेली. थोरल्या जाऊबाई पंगतीत वाढणार, मी मोरीत भांडी घासणार. त्यांच्या माहेरी ट्रॅक्टर होता आणि माझ्या माहेरी दोन बैल, त्यातला एक शेजाऱ्याचा. एवढ्यावर कामाची वाटणी झाली. पंगत उठली की जाऊबाई आपलं कौतुक ऐकून घ्यायच्या, मग मोरीपाशी येऊन मी घासलेलं पातेलं उजेडात धरायच्या आणि म्हणायच्या, "बुडाला राहिलंय गं."

बुडाला काही राहिलेलं नसायचं. राहायचं ते माझ्या पोटात. अजून आहे.

पुढं मी कर्जतच्या आसपासच्या फार्महाउसांवर चुलीवरचं जेवण पोचवायला सुरुवात केली. आधी डोक्यावर टोपली, मग स्कूटर, आता टेंपो. मुंबईची माणसं डोंगराकडे बघत माझी भाकरी खातात आणि डोळे मिटतात. ते डोळे मिटले की मी भाकरीचा दर वाढवते. जाऊबाई रसायनीला राहायला गेल्या, भाऊजी तिथं कारखान्यात आहेत. त्यामुळं सगळे सण माझ्याकडे आले. घर माझं, मटण माझं आणि मोरीसुद्धा माझीच.

म्हणून मी भांडी धुण्याचं मशीन घेतलं. बंगला विकून निघालेल्या एका बाईंनी किंमत सांगितली, तेव्हा मी इतकी हसले की त्या स्वतःच खाली येऊ लागल्या. शेवटी मशीन, त्यात घालायचं मीठ आणि वर एक कंदील घेऊन मी घरी आले. कंदिलाचा काही संबंध नव्हता, पण माझं तोंड एकदा सुरू झालं की मधेच थांबत नाही. आठवडाभर मशीन झकास चाललं. मग मी सगळ्यांना फोन करून सांगितलं, यंदा गौरीला मी मोरीत बसणार नाही.

आमच्याकडे गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो. माहेरी आलेल्या बाईला वरणभात कोण घालतं? तर मटण झालं, नैवेद्य झाला, पंगत उठली. मी सगळ्यांच्या देखत तेलकट ताटं मशीनमध्ये रचली, दार लावलं आणि बटण दाबलं. मशीन घुरघुरलं, थांबलं, पुन्हा घुरघुरलं. मग नळाचं लाल चित्र लुकलुकायला लागलं. आत पाण्याचा थेंब नाही.

जाऊबाई बडीशेप चघळत आल्या. "का गं, पानी नाय पीत? गौरीचा उपास धरलाय वाटतं तिनं."

मी ऐकलं नाही असं दाखवलं. दार उघडून पुन्हा आपटलं. मागचा पाइप कुठं दुमडलाय का ते बघितलं, दुमडला नव्हता. टाकीत पाणी होतं. शेजारच्या नळालाही पाणी येत होतं. पावसाळ्यात आमच्या प्रत्येक नळाला गाळ अडवायला फडकं बांधलेलं असतं, त्यातूनसुद्धा धार चांगली पडत होती. मग मशीनलाच काय धाड भरली? आणि मला आठवलं की सकाळी जाऊबाई मशीनच्या मागं वाकलेल्या होत्या.

"ताई, सकाळी मागं काय करत होता?"

"मोबाइल चार्जिंगला लावला. का?"

"मशीन कालपर्यंत चालत होतं."

बडीशेप चघळायची थांबली. "म्हंजे मी बिघडवली? माजा हात लागला आसंल तर आज सगळी भांडी मी घासते. आन् नसंल लागला, तर तू बसायचं मोरीत. हाय कबूल?"

शहाण्या माणसानं इथं घासाघीस केली असती. मी रागात होते. म्हटलं, "कबूल."

मेकॅनिकला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, सणाचं कोण येणार?" मी म्हटलं, येऊ नकोस, तोंडानं सांग, आणि तोंडाचे पैसे मागू नकोस. तो म्हणाला, पाइप मशीनकडून सोडा आणि बादलीत धरा. धार आली तर दोष मशीनचा, नाही आली तर नळाकडचा. मी पाइप बादलीत धरला. थेंब थेंब गळायला लागलं. म्हणजे नळाकडं. तिथला नट फिरवला आणि पाइपाच्या तोंडातून चिखलानं गच्च भरलेला कापडाचा बोळा बाहेर आला.

"आग, ते फडकं मी घातलं," सासूबाई दारातूनच म्हणाल्या. "सकाळी नळाला च्यासारखं तांबडं पानी आलं. तुजी एवडी म्हागाची मशीन, तिच्या पोटात गाळ नको जायला. चांगलं चार पदर करून घातलं."

जाऊबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "बस आता मोरीत."

मी तो बोळा पिळला. चिखल गेला तशी खाली जांभळी नक्षी दिसली. "आई, हे फडकं कुणाचं?"

"थोरलीच्या जुन्या साडीचं. तीच देऊन गेली मागं."

"बघा ताई, हात नाही लागला. साडी लागली."

"साडी काय चालत गेली व्हय गं पाइपात?"

"तुमची साडी आहे, काय सांगावं!"

मी पाइप जोडला, मशीन सुरू केलं आणि ते खळखळून पाणी प्यायला लागलं. ताटांचा प्रश्न मिटला. पण मटणाचं टोप आणि भाताची पातेली मशीनमध्ये मावणारी नव्हती, आणि आमचं भांडण आता त्यांच्यावर आलं. माझं म्हणणं साडी तुमची, त्यांचं म्हणणं पैज पैज असते. शेवटी सासूबाई वैतागल्या. "साडी तिची, हात माजा. मीच बसते," म्हणत गुडघे धरून मोरीकडे निघाल्या. ओटीवरून पुरुषमाणसं बघत होती.

आम्ही दोघीही त्यांना अडवायला धावलो. मी अर्धं पाऊल हळू टाकलं. जाऊबाई आधी पोचल्या, सासूबाईंना बाजूला केलं आणि पदर खोचून मोरीत बसल्या.

मी स्टूल घेऊन मशीनपाशी बसले. मशीनवर कुणीतरी लक्ष ठेवायलाच हवं होतं. मोरीतून पहिलं पातेलं बाहेर आलं तसं मी ते उचललं, खिडकीच्या उजेडात धरलं आणि म्हटलं, "ताई, बुडाला राहिलंय."

आणि खरंच राहिलं होतं.

जाऊबाईंनी काथ्या खाली टाकला. माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग एकदम खो खो हसत सुटल्या. "घाल की मग तुज्या मशिनीत!"

मलाही हसू आलं होतं. मी ते दाखवलं नाही. पातेलं त्यांच्यापुढं ठेवलं आणि म्हटलं, "परत घासा."