पहिला घास दादूसचा

दादूस खाणावळीत शिरले की हात धुवायला न जाता थेट स्वयंपाकघरात जायचे. मालक "अहो काका, आत नका" म्हणेपर्यंत यांनी बर्फातली सुरमई उचललेली असायची, कल्ला उघडून लाली पाहिलेली असायची, अंगठ्याने पोट दाबलेलं असायचं आणि शेवटी ती नाकाशी धरून हुंगलेलीही असायची. "आपन मासली खातो, मालकाचा शब्द नाय खात," असं वर सुनवायचे. चिडलेला मालक पाच मिनिटांत त्यांच्याशी गप्पा मारायला लागायचा.

दादूस मोरिवली गावचे आगरी. आता आम्ही बदलापूरला स्वतःच्या घरात राहतो, पण त्याआधी नऊ वर्षं त्यांच्या चाळीत भाड्याने काढली. आगऱ्यांत दादूस म्हणजे थोरला भाऊ. यांना मात्र बायको सोडून सगळं गाव दादूस म्हणायचं, वयाने मोठी माणसंसुद्धा.

मी साताऱ्याकडची. मासा म्हणजे काटे, एवढीच माझी अक्कल. उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात शिलाई तपासायचं माझं काम, त्यावरून दादूस चिडवायचे, "तू धागं तपास, मी मासली तपासतो." राहायला आलो त्याच महिन्यात त्यांनी बोंबलाचं कालवण पुढ्यात ठेवून मला बसवलं. "सातारकरनी, घाई नको करू. काटा कुठं हाय ते जीभ सांगल तुला." जिभेने सांगितलं खरं, पण बऱ्याच उशिरा. माहेरी गेल्यावर मी सुकटीची चटणी मागितली तेव्हा आई म्हणाली, "पार तिकडचीच झालीस की गं!"

वर्षातून एकदा चाळीची सहल अलिबागला जायची. दिवस दादूसच ठरवायचे, तोही तिथी बघून. त्यांचा आजा मिठागरावर कामाला होता, त्यामुळे भरती-ओहोटीचं गणित घरातलंच. पंचमीच्या आसपासचा रविवार धरला की सकाळी साडेनऊच्या सुमाराला ओहोटी मिळते. मग पाण्यातून चालत किल्ला बघायचा, समुद्रावर पोरांना हुंदडू द्यायचं आणि मगच जेवायला बसायचं. "पोट भरल्यावर कुनाला किल्ला दिसतो?" असं ते विचारायचे. ताटं आली तरी दादूसनी पहिला घास घेऊन मान हलवल्याशिवाय कोणी अन्नाला हात लावायचा नाही. हे कोणी ठरवलं होतं कुणास ठाऊक, पण लहान पोरंही पाळायची.

करोनात दादूस तीन आठवडे दवाखान्यात होते. वाळून घरी आले, पण आवाज तोच. त्यानंतरच्या पहिल्या सहलीला आम्ही चौदा जण होतो. किल्ला झाला, खाणावळीत आलो. दादूस नेहमीसारखे आत घुसले आणि मी मागोमाग. त्यांनी कल्ला पाहिला, पोट दाबलं आणि सुरमई ठेवून दिली. हुंगली नाही. एक टाका सुटला की माझा डोळा तिथेच अडकतो, तसा तो अडकला. मग सोललेल्या कोलंबीच्या पातेल्यात नुसतं डोकावून म्हणाले, "ही बी होऊ दे." सोललेल्या कोलंबीला ना डोकं असतं, ना डोळा. ती ताजी की शिळी, ते नाकालाच कळतं.

कोलंबीचं ताट आधी दादूसपुढे आणि शेजारी बसलेल्या माझ्यापुढे आलं. मसाल्यातूनही सडका वास आला. दादूसनी घास उचलला. त्यांची मान हलली असती तर पोराबाळांसकट सगळे तुटून पडले असते. मी त्यांचं मनगट धरलं.

"दादूस, नका खाऊ. खराब आहे."

हळू बोलले होते, तरी सगळ्यांनी ऐकलं.  मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याच्या शब्दावर गाव जेवतं, त्याला मी चारचौघांत उघडं पाडलं होतं.

दादूसनी घास खाली ठेवला. "बरा केलास," म्हणाले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, "दवाखान्यातून आल्यापासून मला वास येत नाय. कसलाच नाय. सांगितला असता, तर मंग मला इचारनार कोन?"

 तेवढ्यात वहिनी, म्हणजे त्यांची बायको, शांतपणे म्हणाली, "मला म्हाईत हाय. तीन वेला कालवन मुद्दाम करपवला. तीनी वेला मिटक्या मारून जेवलात."

पंगत हसत सुटली. सगळ्यांत जोरात दादूस हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. ते पाणी नुसतं हसण्याचं नव्हतं.

मालकाने ओशाळून कोलंबी उचलली आणि तळलेली सुरमई आणली. दादूसनी ते ताट माझ्याकडे सरकवलं. मी तुकडा तोडून खाल्ला.

"कशी हाय?"

"छान आहे."

"छान? यवढ्यासाठी शिकवला तुला? नीट सांग."

मग मी सांगत बसले. आधी कोकमाचा आंबटपणा येतो, मग लसूण. कडेचा रवा तव्याला किंचित जास्त लागलाय, त्याचा खमंग वास आहे. आणि आतला मासा गोड आहे, ओल्या खोबऱ्यासारखा. दादूस डोळे मिटून ऐकत होते. त्यांच्या तोंडात काहीही नव्हतं, पण जबडा हळूहळू हलत होता.