केळीचा चीक

हाताला तेल न लावता केळफूल सोलायला बसले की बोटं चिकट, काळी होतात आणि मला सांडोर गावातली ती केळीची वाडी आठवते. नव्वदच्या दशकातली गोष्ट, मी बी.एड. करत होते, वय बावीस. मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकासाठी एका वृद्धाची मुलाखत हवी होती, म्हणून त्या वाडीत मैत्रिणीच्या आजोबांकडे गेले. उतारवयात माणूस मागे वळून बघतो आणि समाधानी तरी होतो नाहीतर निराश, असं पुस्तकात होतं. मी घरूनच वहीत ‘समाधानी’ लिहून नेलं होतं, फक्त सही घ्यायची. पण आजोबा एका जागी बसेनात. घड उतरवलेली केळ तोडायची, तिच्या बुडाशी फुटलेले मुनवे काढून दुसरीकडे लावायचे, आणि मी वही घेऊन चिखलातून त्यांच्या मागे मागे. “आजोबा, झालेल्या आयुष्याबद्दल काय वाटतं?” “याला घड आला की सांगतो,” हातातला मुनवा दाखवत ते म्हणाले. मग एकदम त्यांनीच विचारलं, “तुझ्या वयाला काय पाहिजे असतं म्हणतं पुस्तक?” “जोडीदार,” मी म्हटलं. “आणि तुला?” आदल्याच रविवारी माझं लग्न ठरलं होतं आणि हे मला कुणीच विचारलं नव्हतं. मला तिथे थांबवेना. घाईने वही पुढे केली. सही करताना त्यांच्या बोटांचा चीक ‘समाधानी’वर लागला, तो पुढे काळा पडला. मार्क चांगले मिळाले. आज समोर माझी मुलगी बसलीय, बावीसचीच. “तुला काय पाहिजे गं?” मी चिकट हातांनीच विचारलं. “चहा,” मोबाईलमधून वर न बघता ती म्हणाली, “आणि तुला?”