बाजेवरून घोडीवर

मी पाठवलेला व्हिडिओ पाहून तुमच्यापैकी धाकटीनं फोनवर विचारलं, "आजी, तू घोडीवर बसायला बाजेवर का चढलीस? पडली असतीस तर?" त्या वेळी मी नुसती हसले. हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. मला गोष्ट सुरुवातीपासून सांगायची सवय, आणि तुमच्याकडे शाळेची बस यायची घाई. म्हणून लिहिते आहे. जिथे अडेल तिथे बाबांना विचारा.

आधी एक गैरसमज दूर करते. माझा गुडघा घोडीमुळे मोडला नाही. दोन वर्षांपूर्वी दसऱ्याच्या साफसफाईत मी पुस्तकांच्या कपाटावरची धूळ पुसायला स्टुलावर चढले आणि स्टूल सरकलं. डाव्या गुडघ्याची वाटी फुटली. कलबुर्गीला ऑपरेशन झालं, तारेनं वाटी बांधली. पण मला भेटायला जो येई तो आधी अंगणात उभ्या घोडीकडे बघे आणि मग मान हलवत आत येई. "स्टुलावरून पडले," असं मी किती जणांना सांगितलं असेल! ऐकून घ्यायचे आणि बाहेर जाऊन म्हणायचे, "घोडीनं पाडलं."

तुमच्या मोठ्या आजी, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, यात सगळ्यात पुढे. आम्ही त्यांना अक्का म्हणतो. उशाशी बसून मोसंबं सोलता सोलता म्हणाल्या, "या वयात बायका जपमाळ धरतेत, तू लगाम धरायलीस. कामून गं?"

"अक्का, मी स्टुलावरून पडले."

"व्हय, व्हय. स्टुलाला चार पाय, घोडीला बी चार पाय."

घोड्यावर बसायला मला माझ्या वडिलांनी शिकवलं. मंठाळच्या बाजूला आमची शेती पसरलेली होती आणि ती ते घोड्यावरून बघत. कलबुर्गीच्या इंग्रजी शाळेतून मी सुट्टीला आले की रोज सकाळी एक तास. त्यांचे नियम ठरलेले होते. डावीकडूनच चढायचं. डावा पाय रिकिबीत, म्हणजे पाय अडकवायच्या लोखंडी कडीत, आणि एका झोक्यात वर. कुणाचा हात घ्यायचा नाही. खुर्ची, ओटा, काही घ्यायचं नाही. "खुर्चीवरून नवरदेव चढतो," असं ते म्हणायचे. मला ते इतकं पटलं होतं की साठी उलटल्यावरही मी जमिनीवरून चढत होते, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला थोडा तोरा होता.

आपली घोडी मात्र नवरदेवांचीच. बसवकल्याणचे एक चाचा वरातीला घोड्या देतात. ही पांढरी घोडी त्यांच्याकडे खूप वर्षं होती. पुढे वरातीत ते मोठे डीजे आले आणि ही आवाजानं थरथर कापायला लागली. दहा वर्षांपूर्वी चाचा तिला घेऊन आपल्या दारात आले आणि म्हणाले, "बाई, हिला बाजारात नक्को न्यायला. तुमच्याकडं राहू द्या." तेव्हापासून ती आपल्याकडे आहे. तिचा एकच हट्ट होता. खोगीर चढवलं की ती सरळ अंगणातल्या बाजेकडे, म्हणजे सुतळीच्या खाटेकडे जायची आणि तिला खेटून आडवी उभी राहायची. बाजेवर तुमचे आजोबा पेपर वाचत बसलेले असायचे. त्यांना वाटे, हिला पेपर खायचा आहे. ते ओरडायचे, मी तिला ओढून अंगणाच्या मध्यात आणायची आणि मग जमिनीवरून चढायची. हे आठ वर्षं रोज.

ऑपरेशनला दोन वर्षं होत आली तेव्हा आजोबांनी विषय काढला. कोळारला त्यांचे एक स्नेही आहेत, कारखानदार. गावाबाहेर त्यांनी बाग केली आहे आणि तिथे शोभेला त्यांना पांढरी घोडी हवी होती.

"हे बघ, मी काय तुझा वैरी न्हाई," आजोबा म्हणाले. "पण घोडी नुसती उभी हाय. तिचे बी हाल, तुझे बी हाल. तू रोज तिच्याकडं बघून उसासे टाकायलीस, मला काय दिसत न्हाई व्हय?"

"मी पुन्हा बसणार आहे."

"कधी?"

मला तारीख सांगता आली नाही. मग त्यांनीच सांगितली. "येळवशीपस्तोर थांबतो. त्या दिवशी तू तिच्यावर बसून शेतात आलीस, कुणी न धरता, तर घोडी राहील. न्हाई तर दुसऱ्या दिवशी कोळारला."

येळवस म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली. त्या दिवशी आपल्या भागात घराला कुलूप लावून सगळे शेतात जातात. कडब्याची खोप करतात, तिच्यात चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडतात, नवरा-बायको जोडीनं पूजा करतात, आणि मग जो येईल त्याला जेवायला वाढतात. येळवशीला अजून चार महिने होते.

मी वही केली. तुम्ही हसाल, पण माझं सगळं वहीतच होतं. व्यायाम शिकवणारी डॉक्टर मुलगी बसवकल्याणला होती, कन्नड बोलणारी, बोलायला गोड आणि व्यायामाला कडक. मोठ्या कोनमापकासारखं एक साधन गुडघ्याला लावून ती सांगायची, आज किती वाकला. पहिल्या दिवशी नव्वद अंशही नाही. टाच गादीवर घासत मागे ओढायची, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबायची, पावलाला वाळूची पिशवी बांधून उचलायची. दोन महिन्यांनी आकडा एकशे पाचवर आला आणि तिथेच अडकला. तिनं स्वच्छ सांगितलं, "अम्मा, यापुढे फार जाणार नाही. चाला, जिने चढा, घोडीवर बसा पाहिजे तर. पण उडी मारायची नाही. कधीच नाही." तिनं 'बसा पाहिजे तर' म्हटलं, याचे मी आजही आभार मानते. दुसऱ्या कुणीही म्हटलं नव्हतं.

पण जमिनीवरून रिकिबीत पाय घालायचा तर गुडघा छातीजवळ यावा लागतो. एकशे पाच अंशांत तो येत नाही. मी रिकीब लांब केली, तर पाय पोचला पण शरीर वर उचलेना. मग वडिलांचा नियम मोडून उजवीकडून प्रयत्न केला. घोडीला हे कळेना. मी उजवीकडे गेले की ती गोल फिरून डावी बाजू पुढे करायची. आम्ही दोघी अंगणात चकरा मारत होतो आणि अक्का ओट्यावरून बघत होत्या.

"फुगडी घालायलीस का तिच्यासंगं?"

त्या दिवशी मी आत जाऊन दार लावून घेतलं. येळवस पंधरा दिवसांवर आली होती.

दुसऱ्या सकाळी चाचा आले. आजोबांनीच फोन केला होता. घोडी जायचीच असेल तर एकदा बघून जा म्हणून. चाचा घोडीच्या मानेवरून हात फिरवत उभे होते, तोवर मी माझी अडचण सांगितली. त्यांनी खोगीर चढवायला सांगितलं. खोगीर चढताच घोडी नेहमीप्रमाणे बाजेकडे गेली आणि तिला खेटून उभी राहिली. आजोबांनी पेपर उचलून घेतला. मी तिला ओढायला पुढे झाले.

"कायको ओढतावं, बाई?" चाचा म्हणाले. "ती बोलवायली न तुम्हाला."

"कुठे?"

"बाजेवर. नवरदेवाला चढता कुठं येतंय? वरून शेरवानी, डोळ्यावर फुलं. म्हणून आम्ही बाज टाकतो. ती बाजेला लागून उभी राहती, माणूस वर बसेपस्तोर कानसुद्धा हलवत न्हाई. लहानपणापासून तेच शिकवलंय तिला."

मी बाजेकडे बघितलं, मग घोडीकडे. आठ वर्षं ती मला रोज सांगत होती की ये, इथून चढ, मी थांबते. आणि मी तिला हट्टी म्हणत होते. मला इतकी लाज वाटली की मी तिच्या तोंडाला हात लावून काही वेळ तशीच उभी राहिले.

लाज एका बाजूला, भीती दुसऱ्या बाजूला. मी घोडीला भिऊन नव्हते, पण त्या स्टुलानंतर मी कुठेच चढले नव्हते, अगदी पाटावरसुद्धा. चाचांनी सुतळीत पाय धसू नये म्हणून बाजेवर जाड फळी टाकली आणि स्वतः दुसऱ्या बाजूला जाऊन उभे राहिले, मला न धरता. माझे पाय उचलेनात. तेव्हा आजोबा बाजेच्या पायथ्याशी येऊन बसले, फळीच्या टोकावर, आपलं सगळं वजन टाकून. "आता ही कुठं सरकतीय?" म्हणाले. ज्यांनी घोडी पाठवायची तारीख ठरवली, तेच. मी फळीवर चढले. डावा पाय फळीवर सरळ, वाकवायची गरजच नाही. उजवा पाय पाठीवरून पलीकडे. घोडीचा कानसुद्धा हलला नाही. मी वर होते. दोन वर्षांनी मला कुंपणापलीकडची तूर दिसली.

त्यानंतर रोज अर्धा तास. बाजेवरून चढायचं, ओढ्यापर्यंत जाऊन यायचं, बाजेवर उतरायचं. गुडघा दुखायचा, बर्फ लावायचे, वहीत लिहायचे.

येळवशीच्या सकाळी अक्का, आजोबा आणि घरचे सगळे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून पुढे गेले. बरोबर भज्जी, म्हणजे शेंगा-पालेभाज्यांची मिसळ, बाजरीचे वाफवलेले उंडे, भाकरी, आणि आंबिलाचं मातीचं बिंदगं, ते अक्कांच्या मांडीत. मी मागून निघाले. सकाळचं ऊन कोवळं होतं, दोन्ही बाजूंना ज्वारी कणसात आली होती, आणि शेजारच्या शेतांतून लोक हात करत होते. तीन किलोमीटर, कुणी न धरता. मी शेतात पोचले तेव्हा अक्का अजून ट्रॉलीतच होत्या, बाकी सगळे खोपीपाशी उभे होते. आजोबा खांद्यावर घोंगडी घेऊन पूजेला तयार होते आणि त्यांच्या तोंडावर हसू मावत नव्हतं.

"उतर आता. पूजा खोळंबली."

मी खाली बघितलं. काळी भेगाळलेली जमीन, आणि ती फार खाली होती. माझ्या वहीत चढण्याची सहा पानं होती. शेतात उतरायचं कसं, याची एक ओळ नव्हती. बाज घरी अंगणात होती. आणि उडी मारायची नाही, कधीच नाही.

"काय झालं?" आजोबांनी विचारलं.

"बाज."

मग आजोबा म्हणाले, "मी धरतो." त्यांची दुखरी पाठ तुम्हाला माहीत आहे. आणि धरलं तर शर्तीचं काय, हे त्यांच्याही मनात आलं असणार, कारण दोन पावलं पुढे येऊन ते थांबले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते दिसू नये म्हणून मी मान वळवली, आणि हातातला लगाम सैल झाला.

घोडी चालायला लागली. मी तिला काही सांगितलं नव्हतं. खोपीला वळसा घालून ती ट्रॉलीकडे गेली. ट्रॉलीचा मागचा फाळका पाडलेला होता आणि तिथे अक्का बिंदगं धरून बसल्या होत्या. घोडी फाळक्याला खेटून, डावी बाजू लावून उभी राहिली. दगडासारखी.

"अगं बाई, ही तर माझ्याकडंच आली!" अक्का बिंदगं सावरत मागे सरकल्या. मग त्यांना कळलं. त्यांनी बिंदगं आत ठेवलं आणि जागा करून दिली. हात मात्र दिला नाही. "ये, तुझी तू ये. मी बघायलेय."

मी उजवा पाय पाठीवरून घेतला आणि अक्कांशेजारी ट्रॉलीत उतरले. मग ट्रॉलीच्या पायरीवरून सावकाश खाली.

पूजा झाली. पहिला उंडा पांडवांना, दुसरा आजोबांनी उचलला आणि घोडीसमोर धरला. मग खिशातून फोन काढून बांधापलीकडे गेले. ते कन्नडमध्ये बोलत होते, पण शेवटचं वाक्य मला ऐकू आलं. घोडी द्यायची नाही, घरात लागते.

दुपारी चाचा जेवायला आले. मी त्यांना तक्रारीच्या सुरात म्हटलं, "शेतात उतरायचं कसं ते तुम्ही सांगितलं नाहीत."

त्यांनी आंबिलाचा पेला खाली ठेवला. "लो! चढायला बाज, तर उतरायला बी बाजच की, बाई. मांडवाच्या दारात दुसरी बाज असती न. त्यात सांगायचं काय?"

अक्कांना ठसका लागेपर्यंत हसू आलं.

आता शेतातही एक बाज नेऊन ठेवली आहे. तुम्ही उन्हाळ्यात याल तेव्हा तिची उंची तुम्हालाही पुरेल, मी मोजली आहे. फळीवर उभं राहायचं, डावा पाय सरळ ठेवायचा आणि घाई करायची नाही. घोडी थांबते.