बिनतोंडाची बाई

माझी भाची सिनेमांसाठी मुखवटे बनवते. सिलिकॉनचे. तिच्याकडे जायचं म्हणजे जीव मुठीत धरून; सोफ्यावर टेकावं तर शेजारी कुणाचं तरी डोकं. आम्ही तिला भुताळी म्हणतो. लग्नाचं विचारलं की म्हणते, "मावशी, मला जिवंत माणसांची भीती वाटते गं."

ही शाळेपासून मांगा वाचणारी, म्हणजे त्या मागून पुढे उलटायच्या जपानी चित्रकथा. त्यातली एक बुडून मेलेली बाई हिची भारी लाडकी. तिला तोंडच नाही. नाकाखाली सपाट, ओल्या कागदासारखं. ओरडायचंय आणि ओरडता येत नाही, भीती काय ती तेवढीच. त्यावर खऱ्या माणसांचा सिनेमा निघाला आणि मुखवटा हिच्याकडे आला, तेव्हा बया माझ्या गळ्यात पडून रडली. मग स्वतःला खोलीत कोंडून घेतलं. भुवयांचा एकेक केस सुईने खोचत बसायची. मी रोज डबा घेऊन जायची, जेवायला हाका मारून माझा घसा बसला.

मुखवटा झाला. खोटं कशाला बोलू, त्या खोलीत मी पुन्हा एकटी गेले नाही.

दिग्दर्शक म्हणाला, "झकास! फक्त तोंड पाडा."

"तिला तोंड नसतं, सर."

"अहो, हिरॉईन आहे ती आपली. संवाद आहेत. गाणं आहे."

"भूत गाणार?"

"पाण्याखाली."

मी म्हटलं, "लाथ मार असल्या कामाला." तर म्हणाली, "दुसरं कुणीतरी कापेल गं, वेडंवाकडं." आणि स्वतःच ब्लेड घेतलं. इतकं सुबक तोंड कापलं की बघवेना.

सिनेमा लागला, आम्ही दोघी गेलो. भूत पाण्यातून वर आलं, लिपस्टिक लावून, आणि किंचाळलं. अख्खं थिएटर हसलं. मागून एकजण म्हणाला, "दात कुठे बसवले, विचारा रे भुताला!" मेलं मलाही हसू येत होतं, हिच्याकडे पाहिलं आणि गिळलं. ती पडद्याकडे बघतच नव्हती. मांडीवरच्या आपल्या हातांकडे बघत होती.

लोक हसायला म्हणून गर्दी करत राहिले, सिनेमा चालला. परवा दिग्दर्शकाचा फोन: दुसरा भाग काढतोय, भुताला आता बहीण हवी, हसरी. मी समोरून खुणावतेय, चांगल्या चार शिव्या घाल.

"जमेल सर," ती म्हणाली. "दात दाखवू, की नुसते ओठ?"

फोन खांद्याने कानाशी धरून ती नव्या मुखवट्याच्या साच्याची माती मळायलाही लागली होती.